वाचकांचे प्रश्न : टी.ए.चा कॅम्प आणि नोकरीतली रजा

प्रश्न : खानापूर तालुक्यात टपाल खात्यात पोस्टल असिस्टंट आहे. खात्याची ना-हरकत घेऊन टेरिटोरियल आर्मीत (टी.ए., म्हणजे नोकरी सांभाळून करायची लष्करी सेवा) भरती झालो. आता दोन महिन्यांच्या कॅम्पचा हुकूम आलाय. ऑफिसात सांगतात, "अर्जित रजा टाका, नाहीतर बिनपगारी." काय करू? – एक वाचक, नंदगड

उत्तर : रजेचा अर्ज देऊ नका. केंद्रीय कर्मचाऱ्याचा टी.ए. प्रशिक्षणाचा काळ रजा, वेतनवाढ आणि पेन्शनसाठी कर्तव्यकाळ धरला जातो. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते, म्हणजे वर्षाला ३०. कॅम्पला ६० गेली तर शिल्लक आटत जाणार. बिनपगारी त्याहून वाईट. असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजेच्या दहाव्या हिश्श्याइतकी अर्जित रजा पुढच्या सहामाहीच्या जमेतून कापतात. ६० दिवसांना ६ दिवस जातात, आणि वैद्यकीय कारण नसेल तर वेतनवाढही तेवढी पुढे सरकते.

हुकूम मिळाला त्याच दिवशी त्याची प्रत अर्जाला जोडून द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. अर्जात 'रजा' हा शब्दच नको. 'कॅम्पसाठी कार्यमुक्त करावे व हा काळ कर्तव्यकाळ धरावा' असे लिहा. निघताना कार्यमुक्ती आदेश आणि एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, सोबत न्या. परतताना युनिटकडून हजेरीचा दाखला घ्या. त्यावर कॅम्पची पहिली आणि शेवटची तारीख असलीच पाहिजे. पुढच्याच कामाच्या दिवशी रुजू अहवाल द्या. मधले दिवस मोकळे राहिले की ती अनधिकृत गैरहजेरी ठरते, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. महिन्याभरात सेवापुस्तक मागवून नोंद स्वतः वाचा. निवृत्तीच्या वेळी कॅम्पचे जुने कागद शोधत बसणे फार त्रासाचे असते.

कामाचा ताण म्हणून साहेब सोडत नसतील तर त्यांनीच कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहून मुदत मागावी. तोवर हुकूम कायम असतो. न गेल्यास जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

प्रश्न : राहतो बेळगावात, नोकरी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्र शासनाची. नियम कुठले? – एक वाचक, वडगाव

उत्तर : पगार देणाऱ्याचे. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू. घर कर्नाटकात आहे किंवा बटालियन कोल्हापूरची आहे, याने फरक पडत नाही. कर्नाटक सरकारच्या नोकरीतल्यांनी मात्र अर्ज कन्नडमध्ये द्यावा. लष्करी हुकूम इंग्रजीत असेल, तर तारखा आणि ठिकाण कन्नडमध्ये लिहून जोडावे. मराठी अर्ज टेबलावर पडून राहिला तर दिवस तुमचे जातात.

प्रश्न : ६ मे २०२५ च्या आदेशानंतर घरचे धास्तावलेत. कॅम्प नव्हे, प्रत्यक्ष सेवेला बोलावले तर नोकरी राहील का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : राहील. त्या आदेशाने लष्करप्रमुखांना टी.ए. बोलावण्याचा अधिकार मिळाला. ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन तैनातीसाठी असून मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. टेरिटोरियल आर्मी कायदा, १९४८ चे कलम ७अ सांगते, की सेवा संपल्यावर मालकाने तुम्हाला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत घ्यावे. भविष्यनिर्वाह निधीचे हक्क ७ब मध्ये सुरक्षित आहेत. घरच्यांना ही दोन कलमे वाचून दाखवा. नोकरीचा नेमणूक आदेश आणि ना-हरकत पत्राची एकेक प्रत घरीही ठेवून जा.