दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्याआधी

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रार्थनासंगतीतल्या मैत्रिणी म्हणतात, तान्हेपणी डोक्यावर घातलेलं पाणी हा बाप्तिस्माच, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाच नव्हे. समजून-उमजून, पूर्ण बुडून घेतला तरच खरा. म्हणून तुला तो पुन्हा घ्यावासा वाटतोय.

घाई करू नकोस.

आपली भाषा इथे जरा फसवते. बाप्तिस्मा ‘घेतला’ म्हणतो आपण, जणू दुकानातून काही विकत आणलं. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौलाचं मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी आहे: आपल्याला बुडवलं गेलं, ख्रिस्ताबरोबर पुरलं गेलं. कबरस्तानात तू पाहिलंच असशील, कोणी स्वतःच्या पायांनी थडग्यात उतरत नाही. चौघे खांदा देतात तेव्हा माणूस तिथवर पोचतो. तू तीन महिन्यांची होतीस, तुला काही कळत नव्हतं, याचं तुला उणं वाटतं. मला त्यातच कृपा सगळ्यात उघड दिसते. तुला ‘हो’ म्हणता येण्याआधी प्रभूने तुला आपलं म्हटलं होतं.

मैत्रिणींची बाजू अगदीच हलकी आहे असं नाही हं. पाण्याखाली जाणं म्हणजे मरण, वर येणं म्हणजे पुनरुत्थान, हे चित्र ओंजळभर पाण्यात तेवढं ठसत नाही. पण अगदी सुरुवातीच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, वाहतं किंवा दुसरं पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायची मुभा होती. आणि १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हा त्यांत, विश्वास कबूल केल्यावरच बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते. बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून घेतलेला, दोन्ही रीती तिथे मान्य झाल्या.

खरं सांगू? तुझं दुखणं पाण्याच्या मापाचं नाहीच. मैत्रिणी रडत वर आल्या, आणि तुला आठवायला काहीच नाही. हिंदू घरांत जन्मलेल्या लेखक बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये; दोघांच्याही संसारात त्यापायी ताटातूट झाली. त्यांना तो दिवस विसरणं शक्यच नव्हतं. तुझ्यामाझ्यासारख्या जन्मापासून मंडळीत वाढलेल्यांना ते पाणी काही न मोजता मिळालं, त्यामुळे मरायचं काम मागे राहून गेलं. ते आता हप्त्याहप्त्याने करावं लागतं.

पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस की भावाशी वर्षभर अबोला आहे. मी तिथेच थांबलो. पुरायचा असतो तो हाच जुना माणूस, चूक आपली नाही हे पटवत बसणारा. नदीत उतरणं त्या मानाने सोपं. तासाभरात कपडे वाळतात. भावाला फोन लावताना हात जड होईल, तेव्हा पौल काय म्हणत होता ते माझ्या पत्रापेक्षा नीट कळेल.

आणि एक कर. तुझ्या मंडळीच्या कचेरीत बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही असेल. पाळकांना विचारून तुझं पान काढून बघ. तुझं नाव, आईवडिलांची नावं, तारीख, खाली सही. ती तारीख मला कळव, मी माझ्या प्रार्थनेच्या वहीत लिहून ठेवीन.

तुझा,
जुना पाळक