कथेतील आजोबांना शोभणारी गाडी

आपल्या कथेतील ७२ वर्षांच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना आपण प्रीमियर पद्मिनी दिली आहे, ती मला पटली नाही. पात्र वयस्कर आहे म्हणून गाडीही जुनी, हा हिशेब नवे लेखक नेहमी करतात. परंतु खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, तेव्हा इतकी खटपट हा माणूस का करतो, याचे उत्तर कथेत असायला हवे. ते नसेल, तर निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून घेतलेली वॅगन आर त्यांना अधिक शोभेल. तिची बैठक उंच असते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला खाली वाकून आत शिरावे लागत नाही.

नंबर मात्र एमएच ०४, म्हणजे ठाण्याचाच द्या. एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, आणि ठाणेकर वाचकाला ही चूक लगेच खटकते.

आमच्या इमारतीतले एक काका रोज सकाळी गाडीचे कव्हर काढून नीट चौकोनी घडी घालतात, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतात आणि कुठेही न जाता पुन्हा कव्हर चढवतात. पत्नी गेल्यापासून शेजारच्या सीटवरचा तिचा नॅपकिन त्यांनी हलवलेला नाही. आपल्या नायकाच्या गाडीतही असे काहीतरी शोधा. मॉडेल त्यानंतर ठरवा.