पगार जमा झाला आणि तासाभरात गेला

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीचा. बारा मागांवर खर्चीवाला (व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा) म्हणून काम करायचो. व्यापाऱ्याने बिमं (सूत गुंडाळलेले रूळ) द्यायची बंद केली, मजुरी अडकली, वीजबिल थकलं. बँकेने माग नेऊन भंगाराच्या भावात विकले, तरी कर्ज उरलंच. त्या बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्ज), दुसऱ्या एका बँकेचं वैयक्तिक कर्ज आणि हातउसने धरून ११ लाखांवर देणं आहे. सध्या दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारा) आहे, पगार १९,०००. या ७ तारखेला पगार जमा झाला आणि माग नेणाऱ्या बँकेने तासाभरात तो सगळा थकबाकीत वळता केला. आईचं कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच बँकेत येतं, त्या खात्यावर माझंही नाव आहे. वकील म्हणतात, नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करा. बायको म्हणते, असेल तेवढं माझ्या भावाच्या खात्यावर ठेवू. काय करू?

– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, पुढची ७ तारीख यायच्या आत पगाराचं खातं बदला. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्या पगाराला बँकेने हात लावला तो कोर्टाच्या हुकमाशिवाय. कर्ज आणि ठेव एकाच बँकेत, एकाच माणसाच्या नावावर असली की थकबाकीपोटी शिल्लक वळती करण्याचा हक्क बँका वापरतात. कर्जाच्या करारात तसं कलमही असतं. मी बँकेत एकतीस वर्षं काढली. अशा नोंदींवर मीही सह्या केल्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी काउंटरपलीकडे उभा राहिलेला माणूस पाहिला आहे. म्हणून सांगते, जिथे तुमचं एक रुपयाचंही देणं नाही अशा बँकेत मूलभूत बचत खातं उघडा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. मालकाला नव्या खात्याचा नंबर लेखी द्या, पोच घ्या. यात लपवण्यासारखं काही नाही. नादारीच्या अर्जात हेही खातं लिहायचंच आहे.

उद्या कोर्टाची जप्ती आली तर गोष्ट वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. म्हणजे १९,००० मधले १३,००० तुमच्या घरात येतात. मजुराची मजुरी तर त्याच कलमात पूर्ण वगळली आहे. जॉबरचं काम मजुरीत बसतं का, हा मुद्दा वकिलांना जरूर मांडायला सांगा. भविष्य निर्वाह निधी आणि कारागिराची हत्यारंही त्या यादीत आहेत.

आता वहिनींचं म्हणणं. त्यांची भीती मला समजते, पण हे करू नका. माझ्या शाखेतल्या एका दुकानदाराने अर्जाच्या महिनाभर आधी दोन लाख मेव्हण्याच्या खात्यात पाठवले होते. रिसीव्हरने (नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेल्या माणसाने) खात्याचे उतारे मागवले, ते काढून देणारी मीच होते. ती एक ओळ सगळ्यांना दिसली आणि मेव्हण्याला पैसे परत भरावे लागले. तुम्हाला लागू होणारा कायदा १९२० चा, प्रांतिक नादारी कायदा. (२०१६ च्या नव्या कायद्याचा व्यक्तींसाठीचा भाग अजून फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू आहे.) नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दिलेलं तो कायदा उलटवू शकतो, आणि मालमत्ता लपवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. ज्यांचं देणं आहे त्यांतल्या एखाद्यालाच आधी फेडण्याचाही मोह टाळा. हातउसने देणारे शेजारचे असतात, त्यांच्याकडे पाहून जीव तुटतो हे खरं, पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत असं झुकतं माप दिलं तर तेही रद्द होऊ शकतं.

याच आठवड्यात सगळ्या खात्यांचे दोन वर्षांचे उतारे शिक्क्यासह घ्या, बंद पडलेल्या खात्यांचेही. खातं गोठलं की मोबाइलवरून काही निघत नाही. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ज्या खात्यातून आपोआप जातो तिथे मँडेट रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या, नाहीतर रिकाम्या खात्यावर प्रत्येक वेळी परतीचा दंड चढत जाईल. नवा चेक कुणालाही देऊ नका. चेक परत गेल्याचा खटला नादारीने थांबत नाही. नादार ठरल्यावर मुक्ततेचा (जुन्या देण्यातून मोकळं करणारा) हुकूम होईपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारीही गुन्हा ठरते. म्हणजे क्रेडिट कार्ड नाही आणि मोबाइलवरचं झटपट कर्ज तर नाहीच.

आईच्या खात्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एकट्याच्या कर्जासाठी संयुक्त खात्यातली शिल्लक बँकेने वळती करू नये, पण नोंद झाल्यावर भांडत बसण्यापेक्षा आधीच बाजूला व्हा. आईला घेऊन शाखेत जा, तुमचं नाव कमी करा आणि तुम्हाला फक्त नॉमिनी म्हणून नोंदवा. यात पैसा फक्त निवृत्तिवेतनाचा आहे, असं पत्र पेन्शनच्या आदेशाच्या प्रतीसह द्या. नाव कमी होईपर्यंत त्या खात्यात तुमचा एक रुपयाही भरू नका, आईच्या औषधांचाही नाही. औषधं रोखीने घ्या, पावती ठेवा.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर तारीख, वेळ वहीत लिहा. रिझर्व्ह बँकेने त्यांना तशी मनाई केली आहे. बँकेने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना ही वही उपयोगी पडेल. नादारीचा अर्ज दाखल झाला की त्याचा नंबर मला कळवा, रिसीव्हरपुढे काय न्यायचं ते पुढच्या अंकात लिहिते.