आफ्रिकेतली सगळ्यात छोटी रानमांजर सिंहापेक्षा भारी शिकारी असते का? ती राहते कुठे? पाळता येते का?

'जगातली सर्वात घातक मांजर'वाली रील बघून विचारताय बहुतेक. तिच्यातला शिकारीचा आकडा खोटा नाही. ब्लॅक-फुटेड कॅटचे, म्हणजे या छोट्या रानमांजरीचे, दहातले साधारण सहा हल्ले यशस्वी होतात, सिंहाचे दोन-तीन. पण सिंह झेब्र्यामागे लागतो आणि ही उंदरामागे, त्यामुळे ही बरोबरी मला तरी पटत नाही.

मुळात ती घातक नाही, भुकेली आहे. मादी सव्वा-दीड किलोची, बोका फार तर अडीच. एवढ्याशा जिवाला रात्री अडीचशे-तीनशे ग्रॅम मांस लागतं आणि उंदीर असतो केवढासा! म्हणून एका रात्रीत 10 ते 14 शिकारी आणि आठ-दहा किलोमीटरची पायपीट. दक्षिण आफ्रिकेत किम्बर्लीजवळ बेनफॉन्टेनला अलेक्झांडर स्लिवा या जर्मन संशोधकाने 1990च्या दशकात रेडिओ कॉलर लावून रात्र-रात्र तिच्या मागावर राहून हे टिपलं.

शिकारीच्या तऱ्हाही बघण्यासारख्या. कधी ती गवतातून सरळ धावत सुटते, म्हणजे दडलेला चंडोल बिचकून उडतो आणि ही झेप घेते. कधी दबकत, पोट जमिनीला घासत जाते. आणि कधी बिळाच्या तोंडाशी ठिय्या, प्रसंगी दोन-दोन तास. डोळे मिटलेले, कान मात्र सारखे फिरत असतात.

राहते दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबियात, विरळ झुडपांच्या कोरड्या गवताळ माळावर. दिवसभर स्प्रिंगहेअर नावाच्या, उड्या मारत जाणाऱ्या प्राण्याच्या जुन्या बिळात नाहीतर पोकळ वारुळात दडून. झाडावर चढण्यात तिला फारसा रस नाही. पाण्याची गरज बरीचशी भक्ष्यातूनच भागते. शेतकरी कोल्ह्यांसाठी विषारी आमिष आणि सापळे लावतात, त्यात हीसुद्धा मरते. 2002 पासून ती आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' गटात आहे.

पाळायचं मात्र डोक्यातून काढा. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे, शिवाय प्राणिसंग्रहालयांतसुद्धा अमायलॉइडोसिस (अवयवांत नको ते प्रथिन साठत जाण्याचा आजार) होऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याने या मांजरी दगावतात. छोट्या मांजरीचीच हौस असेल तर आपल्याकडची वाघाटी वजनाला जवळपास तेवढीच. जुन्नरकडे ऊसतोडणीत तिची पिल्लं सापडतात आणि वनखात्याची माणसं ती पुन्हा आईपाशी पोचवायची खटपट करतात. तीही पाळता येत नाहीच.