वाळवंटातल्या कॅम्पला पहिल्यांदा निघताना

तंबू कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी पाण्याचं बोल. माणशी दिवसाला किमान ४ लिटर, शिवाय एका दिवसाचं जास्तीचं. सगळं एकाच कॅनमध्ये भरू नकोस, तो गळला तर संपलंच. गाडीची टाकी अर्धी झाली की दिसेल त्या पंपावर फुल कर. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेव, रेंज जाणारच.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपास. मऊ वाळू लागली तर हवा बरीच कमी करायची. टायर पसरतो, गाडी सहसा रुतत नाही. डांबरी रस्ता आला की परत भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर हवाच. तरी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नकोस, चाक आणखी खोल जातं. खाली उतर आणि फावडं काढ.

कोरड्या ओढ्यात तंबू नको म्हणजे नकोच, जागा कितीही सपाट दिसो. लांब डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे येतो. वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भर, दोरी बांध आणि पुरून टाक. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नकोस, शोधणाऱ्याला आधी गाडी दिसते. आणि हो, स्वेटर घे. लोक हसतील, हसू दे. रात्री तेच मागायला येतील.