पुडा किती दिवस पुरतो, ते विचार

बडोदे

चि. बाळ,
अ. उ. आ.

खोलीवरचा चहा घरच्यासारखा लागत नाही, असं लिहिलंस. लगेच मसाला बदलू नकोस. आधी घरी फोन कर, पण ‘आई, किती घालतेस?’ असं विचारू नकोस. ‘अंदाजाने’ एवढंच उत्तर येईल. चहाचा पुडा किती दिवस पुरतो, ते विचार. चार माणसं, दोन वेळा, म्हणजे रोज आठ कप. 250 ग्रॅमचा पुडा बारा दिवसांत संपत असेल तर कपाला अडीच ग्रॅम पडली. वीस दिवस जात असेल तर दीडच. मसाल्याच्या बाटलीलाही हाच हिशेब लाव. दूध म्हशीचं होतं का, तेही विचारून घे. असेल तर इथे अमूल गोल्ड आण, त्यात 6 टक्के स्निग्धांश असतो. ‘अमूल ताजा’मध्ये 3च, त्या दुधाचा चहा कितीही उकळलास तरी पातळच लागणार.

आता दोन कपांचं माप. दीड कप पाणी, एक कप दूध. अर्धा कप आटतो. पत्ती दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. अर्धा इंच आलं ठेचून गार पाण्यातच टाक आणि उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळू दे. मग पत्ती नि साखर, दीड-दोन मिनिटांनी दूध, आणि दोन उकळ्या. पत्ती त्याहून जास्त रटरटली की चहा कडक होत नाही, तुरट होतो.

दूध फाटतं म्हणतोस आणि दोष दूधवाल्याला देतोस. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं विकर असतं. पाण्यात नीट उकळलं की ते निकामी होतं. तू आलं नि दूध एकदम चढवत असशील. गुळाचा चहा हवा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावरच घाल.

गवती चहासाठी खंडेराव मार्केटात जा आणि ‘लीली चा’ माग. बहुतेकदा फुदिन्यासकट एकच जुडी हातात पडते. घरी फुदिना घालत नसतील तर तो चटणीला ठेव, कारण चहात गेला की बाकीचे सगळे वास झाकतो. दोन कपांना गवती चहाची तीन पाती पुरतात. पातीची कड बोट कापते, तेव्हा बेतानं. गाठ मारून आल्याबरोबरच पाण्यात सोड, म्हणजे गाळताना त्रास नाही.

मसाल्याआधी एक कर. डोळे मिटून घरच्या चहाचा घोट आठव. टाळूला झोंबत होता? ती मिरी. गिळल्यावर छातीत ऊब राहायची? ती सुंठ. नाकात मागे रेंगाळायची ती वेलची, आणि जीभ किंचित बधिर व्हायची ती लवंगेनं. जे आठवेल ते वाढव, बाकीचं कमी कर. सुरुवातीला 100 ग्रॅमसाठी असं घे: सुंठ 45, मिरी 25, वेलची सालासकट 15, दालचिनी 8, पिंपळीमूळ 5, लवंग 2. पिंपळीमूळ इथल्या किराणावाल्याकडे ‘गंठोडा’ म्हणून मिळतं. दालचिनीचा हात सैल सोडू नकोस. पूड जास्त झाली की चहा बुळबुळीत होतो.

काही भाजायचं नाही. दोन तास ऊन दाखव, पुरे. भाजलंस तर सगळा वास खोलीभर, बाटलीत नुसता भुसा. सुंठ आधी खलबत्त्यात फोड, नाहीतर मिक्सरची पाती अडकतात आणि मसाल्यात दोरे राहतात. मिक्सर थांबत थांबत फिरव, कारण भांडं तापलं की वास उडतो. चाळून काचेच्या बाटलीत भर आणि गॅसच्या कट्ट्यापासून लांब ठेव. एकदम पाव किलो करू नकोस. दोन महिन्यांत त्याची धूळ होते.

दोन कपांना पाव छोटा चमचा, पत्तीबरोबर. वेलचीचा वास घरी ठळक असेल तर एक वेलची ठेचून गॅस बंद केल्यावर टाक आणि मिनिटभर झाकण ठेव.

पण पहिले चार दिवस नुसता आल्याचाच कर. तो जमल्याशिवाय मसाल्याला हात लावू नकोस, नाहीतर चूक कुठे होते ते कळणारच नाही.

पुड्याचा आकडा कळला की लिही.

तुझा,
काका