हत्तरसंग कुडल पाहताना

सोलापूर परिसरातील जुन्या मंदिरांचा अभ्यास करायचा असेल, तर सुरुवात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलपासून करावी. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. तो वाचताना विजेरीचा झोत समोरून न टाकता बाजूने तिरपा धरावा, म्हणजे खाचांत सावली पडून अक्षरे उठून दिसतात. खडू मात्र मुळीच चोळू नये. तिथल्याच हरिहरेश्वर मंदिरातील बहुमुखी शिवलिंगापाशी सगळेच रेंगाळतात. आपण स्वर्गमंडपाचे, म्हणजे वरून उघड्या असलेल्या मंडपाचे, खांब आणि वरचा मोकळा भाग निरखून त्याचा आराखडा वहीत काढावा. या बांधकामाला सरसकट हेमाडपंती ठरवण्याची घाई करू नये, कारण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला.